आडनावातले गाव आणि घाण्याचे गाव : एका बेने इस्रायल कुटुंबाच्या मूळगावाची चौकशी

इस्रायलमधील अश्दोद येथे स्थायिक झालेल्या एका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक यहुदी, कुटुंबाने आजीच्या माहेरच्या घराण्याचे मूळगाव शोधून देण्याची विनंती केली, तेव्हा त्यांच्या मते प्रश्न जवळजवळ सुटलेलाच होता. आडनावाच्या शेवटी ‘कर’ होते, ‘कर’च्या आधीचे गाव अलिबागच्या उत्तरेला नकाशावर दिसत होते, आणि तिथे जाऊन जुन्या घराची जागा दाखवली की काम संपले, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात हे घराणे ज्या गावात नांदले ते गाव दुसरेच निघाले. त्याचा पहिला धागा कुटुंबाच्या कागदांत किंवा समाजाच्या नोंदींत मिळाला नाही. तो शेजाऱ्यांच्या आठवणीत मिळाला. कुटुंबाच्या इच्छेनुसार या टिपणात व्यक्तींची नावे बदलली आहेत आणि आडनाव व दोन्ही गावांची नावे दिलेली नाहीत.

बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेली सात जोडपी होती, आणि बुडालेल्यांचे दफन नवगावलाच झाले. त्या कथेचा काळ कोणता, यावर अभ्यासकांत एकमत नाही आणि या प्रकरणाला त्याची गरजही नाही. गरज आहे ती पुढच्या काही शतकांची. या काळात हे लोक कुलाब्याच्या, म्हणजे १९८१ पासून रायगड म्हणवणाऱ्या जिल्ह्याच्या, खेड्यापाड्यांत विखरून राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले जाऊ लागले. अठराव्या शतकात त्यांतले अनेक जण मुंबईला आणि कंपनीच्या पलटणींत गेले. सॅम्युएल एझकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. जिल्ह्यातली सिनेगॉग त्यानंतरची आहेत : रेवदंड्याचे १८४२ चे, अलिबागचे १८४८ चे, पनवेलचे १८४९ चे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या खेड्यातल्या कुटुंबाची नोंद प्रार्थनास्थळाच्या वहीत मिळेल, ही अपेक्षा सुरुवातीलाच सोडून द्यावी लागते. विसाव्या शतकाच्या मध्याला सुमारे २०,००० असलेला हा समाज नंतरच्या दोन-अडीच दशकांत बहुतांशी इस्रायलला गेला, आणि विचारायचे कोणाला हा प्रश्न उभा राहिला.

कुटुंबाजवळ तीन गोष्टी होत्या. आजीच्या आजोबांच्या लग्नाचा हिब्रू लिपीतला करारनामा, म्हणजे केतुबा, मुंबईत झालेला, यहुदी वर्ष ५६५४ चा, अर्थात १८९३-९४ चा. त्यात वराचे नाव ‘यहेज्केल बेन शमुएल’ असे होते. दुसरी गोष्ट आजीच्या वडिलांचा शाळेचा दाखला, ज्यात जन्मस्थळ मुंबई लिहिलेले होते आणि त्यामुळे त्याचा उपयोग शून्य होता. तिसरी गोष्ट स्वतः आजी. त्या मुंबईत जन्मल्या, लहानपणीच इस्रायलला गेल्या आणि अजूनही उत्तम मराठी बोलतात. नातवंडांना मराठी समजते, बोलता येत नाही.

कोणीही करील तसे आम्हीही आडनावातल्या गावापासून सुरुवात केली. किहीमकर, नवगावकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, वाक्रूळकर अशी आडनावे पाहिली की ती जिल्ह्याच्या नकाशाची सूचीच वाटतात. पण किहीममध्ये राहणाऱ्याला किहीमकर म्हणण्याची किहीमच्या लोकांना गरज नसते. तो किहीम सोडून दुसऱ्या गावी राहायला गेला की तिथले लोक त्याला किहीमकर म्हणतात. म्हणजे असे आडनाव कुटुंब कुठून निघाले ते सांगते, आणि ते निघाल्याला आडनाव रुळले तेव्हाच एक-दोन पिढ्या होऊन गेलेल्या असू शकतात. शिवाय ही आडनावे एका समाजाची मिरास नाहीत. दिवेकर चित्पावनांतही आहेत, पेणकर अनेक जातींत आहेत. पहिल्या गावात आम्हाला जुनी यहुदी दफनभूमी मिळाली, परंतु तिथल्या वाचता येणाऱ्या एकाही दगडावर हे आडनाव नव्हते, जे स्वाभाविकच होते. गावातल्या ज्येष्ठांनी मात्र अत्यंत आपुलकीने, विचारू त्या नावाला होकार दिला. ‘अमुक नावाचे कुटुंब इथे राहत होते का?’ असा प्रश्न विचारला की लांबून आलेल्या पाहुण्याला विन्मुख पाठवायचे नाही, या भावनेने लोक ‘हो, असतील, होते’ असे म्हणतात. या उत्तराची किंमत ओळखता आली नाही तर अर्धी चौकशी तिथेच वाया जाते.

म्हणून आजींकडे परत जाणे भाग पडले, आणि तिथे वेगळीच अडचण आली. त्या बाकी सगळे बोलत, पण आईच्या आईचे, तिच्या आईचे नाव विचारले की गप्प होत. शेवटी एकदा फोनवर म्हणाल्या, ‘लग्नाच्या वेळी हे सगळं एकदा विचारून झालंय. आता तुला कशाला हवंय?’ या वाक्यामागे मोठा इतिहास आहे. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायल वधूवरांच्या विवाहाआधी त्यांच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, अशा सूचना विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना दिल्या होत्या. समाजाने त्याविरुद्ध धरणी धरली, उपोषणे केली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने हा समाज सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचा असल्याचा ठराव केला. आजींचे लग्न नेमके या दरम्यानचे. ज्या पिढीला ‘तुझी आजी कोण?’ हा प्रश्न संशयाने विचारला गेला, तिला तोच प्रश्न कौतुकाने विचारला तरी तो तसा ऐकू येत नाही. आम्ही नावे विचारणे थांबवले आणि जागेविषयी विचारू लागलो : वडील गावाच्या काय गोष्टी सांगत, बाजाराला कुठे जात, पाणी कुठून आणत.

तेव्हा जे निघाले ते कोणत्याही कागदापेक्षा उपयोगी होते. वडिलांनी त्यांना सांगितले होते की गावाला जाताना उधाणाच्या भरतीला वाट पाण्याखाली जाई आणि लोक बांधावरून चालत, बाजार पोयनाडचा, घराच्या मागे घाणा, आणि घाण्याच्या पलीकडे गोड्या पाण्याचे तळे, ज्यावर अख्खा गाव पाणी भरी. अलिबागच्या उत्तरेकडच्या, नारळ-पोफळीच्या वाड्यांच्या किनारपट्टीशी हे चित्र जुळतच नाही. भरती अडवणारे बांध, खाऱ्या जमिनीतली भातशेती आणि गोड्या पाण्याची टंचाई हे सगळे धरमतर खाडीच्या बाजूच्या खारेपाटाचे वर्णन आहे. चौकशीची दिशा एका दुपारी पश्चिमेकडून पूर्वेकडे वळली.

खारेपाटात वस्ती प्रामुख्याने आगरी समाजाची. तिथे आम्ही कुटुंबाचे नाव उच्चारायचेच नाही, असे ठरवले होते. ज्येष्ठांना विचारायचे ते एवढेच : शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली इथे कुठे होते? पोयनाडच्या आसपासच्या काही गावांत या प्रश्नाला नकार मिळाला, आणि होकारापेक्षा तो नकार जास्त विश्वासार्ह होता. एका गावात मात्र नव्वदीच्या घरातल्या एका आगरी आजींनी उत्तर देण्याऐवजी हाताने दिशा दाखवली. तळ्याच्या काठच्या एका तुकड्याला गावात आजही ‘घाणवट’ म्हणतात, आणि त्याच्या कडेला घाण्याचे दगडी उखळ उपडे पडलेले आहे; त्यावर आता कपडे धुतात. आजींनी ते तेली स्वतः पाहिले नव्हते. त्यांच्या सासूने सांगितलेले त्यांना आठवत होते : तेलीण शुक्रवारी दिवस मावळायच्या आत चूल आवरून घेई, काचेच्या भांड्यात तेलाचा दिवा लावी आणि भिजवलेल्या मनुकांचे सरबत करी, ते मुलांना मिळे. हा तपशील कोणत्याही आगरी घरातला नाही. तो शब्बाथच्या, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या विश्रांतिदिनाच्या, किद्दुशचा, म्हणजे त्या दिवसाच्या आरंभी द्राक्षरसावर म्हणायच्या प्रार्थनेचा आहे, आणि सांगणाऱ्या आजींना त्याचा अर्थ माहीत नव्हता, म्हणून तो अधिक भरवशाचा.

ते लोक गेले कधी, याचे उत्तरही गावच्याच मोजमापात मिळाले : ‘संपाच्या आधीच.’ संप म्हणजे चरीचा. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने खोतीविरुद्ध सुरू झालेला शेतकऱ्यांचा हा संप १९३९ पर्यंत चालला, आणि या पट्ट्यातली जुनी माणसे अजूनही काळाचे दोन भाग करतात, संपाआधीचा आणि संपानंतरचा. स्थानिक इतिहासाची चौकशी करणाऱ्याजवळ अशा खुणांची यादी हवी. सन विचारला तर कोणी सांगू शकत नाही, पण संप, मोठे वादळ, बांध फुटल्याचे साल, अमक्याचे लग्न यांच्या अलीकडे की पलीकडे, हे बहुतेकांना सांगता येते.

इथून पुढचा टप्पा सर्वांत नाजूक होता. घाणवटीचा तुकडा आज ज्यांच्या ताब्यात आहे, त्या घरात आम्ही गेलो तेव्हा पहिला पाऊण तास चहा आणि मौन असाच गेला. त्यामागचे कारण उघड होते. अलिबाग तालुक्यातल्या जमिनींचे भाव गेल्या काही वर्षांत कुठच्या कुठे गेले आहेत, आणि ‘जुन्या मालकाचे वारस परदेशातून चौकशी करताहेत’ हे वाक्य तिथे ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स करते. वंशावळीच्या हौसेने फिरणाऱ्या शहरी माणसाला हे सुचतच नाही. तो सातबारा मागतो, फोटो काढतो, आणि ज्या घरातून सगळी माहिती मिळायची ते घर कायमचे बंद होते. आम्ही गावातल्या दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या एका निवृत्त शिक्षकांना मध्यस्थ म्हणून बरोबर नेले होते. अश्दोदच्या कुटुंबाने आजींच्या हस्ताक्षरात मराठीत एक पत्र पाठवले होते. आम्हाला जमीन नको, जमिनीवर आमचा कसलाही हक्क नाही, आमचे पूर्वज कुठे राहत ते फक्त कळावे, एवढाच त्याचा मजकूर होता. पत्र मोठ्याने वाचून दाखवल्यावर घरातल्या कर्त्या पुरुषाने ते पुन्हा स्वतः वाचले, घडी घालून खिशात ठेवले, आणि मग आतून पत्र्याची ट्रंक आणवली.

ट्रंकेत १९२० च्या दशकातले मूळ खरेदीखत होते. मुद्रांकाच्या कागदावर मोडीत लिहिलेले, घड्यांवर फाटलेले, पण वाचण्याजोगे. लिहून घेणार म्हणून सध्याच्या मालकांच्या पणजोबांचे नाव, आणि लिहून देणार : ‘हसाजी बिन समाजी, जात बेनी इस्रायल, धंदा नोकरी, उमर सुमारे ५५, राहणार मौजे मजकूर, हल्ली वस्ती मुंबई, उमरखाडी.’ आडनाव कुठेच नाही. चतुःसीमेत दक्षिणेला ‘गावतळे’ असा उल्लेख. आम्ही कागदाचा फोटो मागितला नाही. मालकांच्या समोर बसून लिहून देणाराचा मजकूर तेवढा उतरवून घेतला, आणि तो त्यांना वाचून दाखवला. नंतर फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, याच व्यवहाराची नोंद मिळाली. तिथे तोच माणूस ‘हसाजी समाजी तेली’ झाला होता.

आता केतुब्यातला यहेज्केल बेन शमुएल आणि खरेदीखतातला हसाजी बिन समाजी ही एकच व्यक्ती आहे का, हा खरा प्रश्न. या समाजात धर्मग्रंथातली नावे मराठी वळणाने वापरली जात : अब्राहमचा आबाजी, इसहाकचा इसाजी, मोशेचा मुसाजी, बेन्यामिनचा बन्नाजी, यहेज्केलचा हसाजी, शमुएलचा समाजी. म्हणून नावे जुळतात. परंतु नावे जुळणे म्हणजे माणूस जुळणे नव्हे, कारण आजोबांचे नाव नातवाला ठेवले की एकाआड एक पिढीत तोच हसाजी समाजी पुन्हा उगवतो. इथे वय मदतीला आले. खरेदीखतातल्या वयानुसार जन्म १८७० च्या आसपास, म्हणजे १८९३-९४ मध्ये लग्नाला योग्य वय. ठिकाणही जुळले, आजींचे बालपण उमरखाडीतच गेले होते आणि ती खोली आजोबांपासूनची, असे त्यांनी खरेदीखताची गोष्ट कळण्याच्या आधीच सांगून ठेवले होते. पहिल्या भेटीपासून प्रत्येकाचे बोलणे तारखेसह लिहून ठेवण्याचा फायदा तो हाच : कोणती आठवण मुळातली आणि कोणती आमच्या प्रश्नामुळे तयार झाली, हे नंतर वेगळे करता येते.

कुटुंबाला सर्वांत आनंद झाला तो मात्र दगडाचा. खारेपाटातल्या त्या गावापासून जवळच्या दफनभूमीत, झुडपे साफ केल्यावर, त्यांच्या आडनावाचा एक दगड मिळाला. असे दगड वाचण्यासाठी त्यावर खडू किंवा पीठ घासण्याची अनेकांना सवय असते. त्याने झिजलेली अक्षरे आणखी झिजतात. सकाळच्या तिरक्या उन्हात आरशाने कवडसा पाडला की सावलीत अक्षरे आपोआप उठून दिसतात. वरच्या दोन ओळी हिब्रूत, खाली देवनागरीत ‘राहेलबाई भ्र. समाजी’ आणि आडनाव, ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, जुन्या कागदांत पत्नीच्या नावापुढे येतो तसा. वर्ष हिब्रू अक्षरांत होते. तव, रेश, नून, हेत ही अक्षरे म्हणजे ४००, २००, ५० आणि ८, एकूण ६५८. पाच हजारांचा आकडा लिहिण्याची पद्धत सहसा नसते, म्हणून ५६५८, आणि महिना शेवात. इसवी सन १८९८ च्या जानेवारीची अखेर किंवा फेब्रुवारी.

कुटुंबाने लगेच निष्कर्ष काढला की १८९८ पर्यंत घराणे गावात राहत होते. मला तो मान्य झाला नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उद्भवला तो मांडवीत, आणि मांडवी, डोंगरी, उमरखाडी हाच बेने इस्रायल वस्तीचा भाग. त्या आणि पुढच्या हिवाळ्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडून गाव गाठले. १८९३-९४ मध्ये मुलाचे लग्न मुंबईत झालेले आहे. त्याची आई चार वर्षांनी ऐन प्लेगच्या दिवसांत गावच्या मातीत पुरली जाते, याचा सरळ अर्थ असा लागतो की मुंबईतले कुटुंब जीव वाचवायला गावच्या घरी आले असावे. दगडावरचे आडनावही त्याला पुष्टी देते. गाव या लोकांना तेली म्हणून ओळखत होते, खरेदीखत आणि फेरफार दोन्हींत आडनाव नाही. आडनाव लावायची सवय मुंबईची. म्हणजे तो दगड गावाशी असलेले नाते सिद्ध करतो, तिथला कायमचा मुक्काम सिद्ध करत नाही. घराण्याचे मुंबईला जाणे या दगडाआधीचे आहे, आणि घाणवट विकून गावाशी व्यवहार तोडणे त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी झाले. नातवंडांना हे जरा रुक्ष वाटले. आजींना वाटले नाही. ‘म्हणूनच वडील म्हणायचे, गावचं घर संकटाला उपयोगी पडतं,’ असे त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य त्यांनी याआधी कधीच सांगितलेले नव्हते.

डीएनए चाचणीचा विषय कुटुंबाने काढला होता. समाजाच्या प्राचीन उगमाविषयी अशा अभ्यासांतून बरेच कळले आहे, पण खारेपाटातले कोणते तळे आपले, हे लाळेच्या नमुन्यावरून कळत नाही. त्यावर पैसे घालवू नयेत, असा सल्ला दिला.

अहवाल तीन रकान्यांत लिहिला. निश्चित म्हणून आम्ही एवढेच नोंदवले की समाजी आणि हसाजी या बापलेकांचे घराणे खारेपाटातल्या या गावी घर आणि घाणा बाळगून होते, आणि १९२० च्या दशकात तो तुकडा विकला गेला. प्लेगच्या काळातले परतणे संभाव्य या रकान्यात गेले. आडनावातल्या गावाहून खारेपाटात कोण, केव्हा आणि का आले, याचा रकाना कोरा राहिला. १८४० च्या दशकात आंग्र्यांचे कुलाबा संस्थान इंग्रजी अमलात मिसळण्याच्या आधीचे हे स्थलांतर असेल, तर त्याचा शोध मोडी दप्तरांतच घ्यावा लागेल, आणि तिथेही आडनावाने शोधून उपयोग नाही, ‘तेली’ म्हणूनच शोधावे लागेल.

कुटुंब पुढच्या हिवाळ्यात येऊन गेले. प्रथेप्रमाणे आधी अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनबीच्या टाप्यावर, म्हणजे एलियाहू प्रेषिताची खूण मानल्या जाणाऱ्या खडकावर, मलिद्याचा नैवेद्यविधी करून मग ते गावात पोचले. घाणवटीच्या मालकांनी त्यांना जेवू घातले. पाहुण्यांचे आहाराचे नियम आधी विचारून घेऊन तांदळाच्या भाकऱ्या आणि खवले असलेले मासेच केले होते. आजी प्रवास झेपणार नाही म्हणून आल्या नव्हत्या. त्यांनी व्हिडिओ कॉलवर नव्वदीच्या आगरी आजींशी बोलण्याचा हट्ट धरला, आणि त्या बोलण्यात मनुकांच्या सरबताबरोबर आणखी एक गोष्ट निघाली, हसाजीच्या बायकोचे माहेर म्हसळ्याकडचे असल्याची. म्हसळे १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते, त्यामुळे तिथले जुने महसुली कागद अलिबागच्या कागदांबरोबर मिळणार नाहीत. मातृकुळाच्या त्या शाखेची चौकशी आजींनी या वेळी स्वतःहून सांगितली आहे, आणि ती म्हसळ्यातल्या शेजाऱ्यांपासून सुरू करायची आहे.